शेऱ्याचा रकाना

हजेरीचं पुस्तक काढायला कुंदाने टेबलाचा खण ओढला, तर आत एक कांदा होता. मुठीएवढा, वरची साल सुटलेला. त्याच्या शेजारी लोखंडाची एक जुनी, बोटभर लांबीची किल्ली. कुणा पोराचा डबा सांडला असेल असं तिला आधी वाटलं. मग तिने किल्ली उचलली. शाळेतल्या कुठल्याच कुलपाला एवढी मोठी किल्ली लागत नव्हती. कांदा कशाला, किल्ली कशाला, हे वेगवेगळं कळत नव्हतं. दोन्ही शेजारी ठेवून पाहिल्यावर मात्र कळलं, आणि तिने खण हळूच पुढे ढकलला, जसं काही आत कुणी झोपलं होतं. समोर तिसरीची अठ्ठावन्न मुलं बसली होती. तिने हजेरी घेतली. "हजर बाई" ऐकत ती एकेका नावापुढे खूण करत गेली आणि दर नावागणिक जीभ टाळूला लावून पाहत गेली. लहानपणी ते येण्याआधी तोंडात तांब्याच्या पैशाची चव यायची, खिडकीतला उजेड रुंद होत जायचा, माणसांचे आवाज विहिरीतून आल्यासारखे व्हायचे. अकरा वर्षं तिने ती चव शोधली नव्हती. आता शोधत होती. तोंडात सकाळच्या चहाशिवाय काही नव्हतं, तरी ती शोधत राहिली, आणि शेवटच्या नावापर्यंत पोहोचेस्तोवर तिला खात्री राहिली नव्हती की चहाची चव नेमकी कशी असते.

मधल्या सुट्टीत तिने वनाला वर्गात बोलावलं. वना शाळेचा शिपाई, अमळनेरकडचा, पन्नाशीचा माणूस. खोटं बोलायचा त्याला कंटाळा होता.

"हे तू ठेवलंस?"

"सरनी सांगं, बाई. मी मन्हा मनघाई नही ठेवं."

"काय सांगितलं सरांनी?"

वना दारात उभा राहून पायाच्या अंगठ्याने उंबऱ्यावरची माती उकरत राहिला. "तुमले फिटनं शे म्हने. मन्ही बहीनले बी व्हतं. हातमा किल्ली दिधी, कांदा हुंगाडं का ती लगेच उठे." मग तिच्या चेहऱ्याकडे बघून तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "राहू द्या, बाई. वखत सांगीसन येत नही."

तो वाईट बोलला नव्हता. बहिणीची काळजी करावी तसं बोलला होता, आणि त्यामुळे तिला त्याच्यावर रागावताही येईना. तिने विचारलं, अजून कुणाला माहीत आहे. वना म्हणाला, बठ्ठासले. सगळ्यांना.

मुख्याध्यापक भंगाळे सर हे जपून पावलं टाकणारे गृहस्थ होते. बोलताना ते समोरच्याकडे न पाहता टेबलावरच्या पेपरवेटकडे पाहत. कुंदा आत गेली तेव्हा त्यांनी तिला बसायला सांगितलं आणि खुर्ची भिंतीपासून जरा पुढे ओढायला लावली. डोकं आपटू नये म्हणून, हे तिच्या बसल्यावर लक्षात आलं. "गैरसमज करून घेऊ नका, नेहेते बाई," ते म्हणाले. "नुसती खबरदारी. कागद हातात आल्यावर मला गप्प बसता येत नाही." तिने कागद बघायला मागितला. त्यांनी थोडे आढेवेढे घेतले, मग फाइल उघडून तिच्याकडे फिरवली. झेरॉक्स होती. वरती धुळ्याच्या तिच्या जुन्या शाळेचं नाव, खाली 'विद्यार्थी आरोग्यपत्रक', आणि त्याखाली 'नेहेते कुंदा चुडामण'. सहावीतली उंची, सातवीतली उंची, वजन, दात, डोळे, टॉन्सिल. शेवटचा रकाना शेऱ्याचा. इतरांच्या कार्डांवर तिथे 'ठीक' असायचं. तिच्या कार्डावर तो रकाना भरून ओळी समासात चढल्या होत्या. अक्षर ओळखायला तिला वेळ लागला नाही. 'फ'ची शेपूट अशी लांबवर ओढणारं माणूस तिच्या आयुष्यात एकच होतं.

'फिट्स येतात. वर्गात एकटीस सोडू नये. घरी गावठी उपाय चालू. आई अशिक्षित, वडील तापट. फिटमध्ये कपड्यांत लघवी होते, रात्री अंथरूणही. वर्गमैत्रिणींस सांगू नये.'

ती शेवटची ओळ तिने दोनदा वाचली. वर्गमैत्रिणींस सांगू नये. झेरॉक्सच्या काळ्या कडेवर भंगाळे सरांच्या पानाचा लाल डाग पडला होता, म्हणजे त्यांनी ती पान खाता खाता वाचली होती. तिला एकदम आपल्या साडीची जाणीव झाली, खुर्चीवर टेकलेल्या मांड्यांची जाणीव झाली. चोवीस वर्षांची बाई, दोन वर्षं या शाळेत शिकवणारी, आणि समोरचा माणूस तिचं ओलं अंथरूण ओळखत होता.

"हे थांबलं, सर. एक्क्याऐंशी सालच्या फेब्रुवारीत शेवटची आली. त्यानंतर नाही."

"असेल ना. पण यात तसं कुठे लिहिलंय?" त्यांनी पेपरवेट सरळ केला. "एप्रिलमध्ये तुमची दोन वर्षं पुरी होतात. कायम करण्यासाठी संस्थेच्या बैठकीत फाइल जाईल. मी काही तुमच्या विरोधात बोलणार नाही. पण फाइलला लागलेला कागद मी काढू कसा?"

"आपण मागवलं होतं का हे?"

"छे. मी कशाला मागवू? आपणहून आलं," ते म्हणाले.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर जिल्हा पेठेतल्या आपल्या भाड्याच्या खोलीकडे न जाता ती नुसतीच चालत राहिली. आपणहून आलं. कागद कसा आपणहून येईल. धुळ्याच्या शाळेतल्या अत्तरदे बाईंचं नाव तिने मनातसुद्धा घेतलं नव्हतं. नाव घेतलं की ते खरं होईल असं वाटत होतं. ती सहावीत असताना वडील धुळ्याच्या एसटी वर्कशॉपमध्ये होते, आणि एका दुपारी भूगोलाच्या तासाला नकाशावर तापी दाखवताना ती पडली. डोळे उघडले तेव्हा डोकं बाईंच्या मांडीवर होतं, अंगावर बाईंचा पदर होता आणि वर्ग रिकामा होता. बाईंनी सगळ्यांना मैदानावर पाठवून दार लावून घेतलं होतं. परकर ओला झाला होता. तो बाईंनी कुणाला कळू न देता बदलला, स्वतःच्या पिशवीतलं पातळ गुंडाळलं, आणि सायकलरिक्षा करून तिला घरी सोडलं. त्या तीन वर्षांत तिला सात वेळा फिट आली, आणि सातपैकी चार वेळा ती मांडी बाईंची होती. आईने तिला चोपड्याच्या पुढच्या पाड्यावर गुंताबाईकडे नेलं होतं, गुंताबाईने मुळी उगाळून दिली होती, आणि नंतर सरकारी दवाखान्याच्या गोळ्या सुरू झाल्या होत्या; हे तिने बाईंनाच सांगितलं होतं. रात्रीच्या अंथरुणाचं आईपासूनही लपवून, पहाटे चादर स्वतः धुऊन ती निभावत होती. तेही एकदा बाईंच्या घरी, त्यांच्या स्वयंपाकघरात, भाकरीचा तुकडा हातात धरून तिने सांगितलं होतं. बाई म्हणाल्या होत्या, "माझ्याजवळ राहील हे." तेव्हा तिला पोटातून गरम काही वर आल्यासारखं वाटलं होतं. इतकं हलकं तिला पुढे कधीच वाटलं नाही, नोकरीची ऑर्डर हातात पडली तेव्हाही नाही. आता ती हिशेब लावत होती की ती भाकरी खाऊन घरी गेली तो दिवस आणि कार्डावरची ती ओळ यांच्यात किती अंतर असेल. आठवडा असेल. कदाचित दुसराच दिवस असेल. ती पहिल्या बाकावर बसून बाईंकडे बघून हसली असेल, आणि बाईंच्या बोटांना तेव्हा शाई लागलेली असेल.

खोलीवर येऊन तिने स्वयंपाक केला नाही. टेबलावर तिसरीची माहितीपत्रकं पडली होती. जूनमध्ये तिनेच भरून घेतलेली. वडिलांचा धंदा, घरातली माणसं, विशेष शेरा. तिने ललिताचं पत्रक काढलं. ललिताची आई बेबाबाई एका जिनिंग कारखान्यात कापूस निवडायला जायची. ती पालकसभेनंतर थांबून, भिंतीशी वळून, म्हणाली होती, "बाई, तिच्या बापानं भुसावळले दुसरं घर केलं. पोरगी कोनाले सांगत नाही. तुमाले म्हून सांगते." कुंदाने ते पत्रकावर लिहिलं होतं. वाईट हेतूने नाही. मुलगी अभ्यासात मागे का, हे लक्षात राहावं म्हणून. आणि दिवाळीआधी शिक्षकखोलीत चहाच्या वेळी कुणीतरी ललिताच्या मळक्या फ्रॉकचं काढलं, तेव्हा तिने सांगितलंही होतं. कीव येऊन सांगितलं होतं. नंतर एकदा व्हरांड्यात चित्रकलेच्या मास्तरांनी त्या पोरीला विचारलं, "काय गं, भुसावळवाले आले की नाही दिवाळीला?" पोरीने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. तिने वळून कुंदाकडे पाहिलं. त्या वेळी कुंदाला वाटलं होतं, पोरगी आपल्याकडे आधारासाठी बघते आहे. आता खोलीत बसून तिला तो चेहरा नीट दिसला. त्यात आधार मागणं नव्हतं. कोण बोललं असेल ते आठ वर्षांच्या पोरीने तेव्हाच ओळखलं होतं. कुंदाने पेनाने ती ओळ गिरवून काळी केली, कागद फाटेपर्यंत. शिक्षकखोलीतल्या सहा जणांच्या डोक्यात ती तशीच राहणार होती.

शनिवारी रजा टाकून तिने पहाटेची धुळे गाडी धरली. एरंडोल, पारोळा. खिडकीची काच खडखडत होती आणि शेजारच्या बाईने मांडीवर घेतलेल्या टोपलीतून मेथीचा वास येत होता. मागच्या वैशाखात फैजपूरला एका लग्नात अत्तरदे बाई भेटल्या होत्या. केस पांढरे झालेले, चष्मा जाड झालेला. गर्दीतून वाट काढत कुंदा त्यांच्या पाया पडली होती. बाईंनी हनुवटी धरून विचारलं होतं, "कशी आहेस गं आता?" त्या 'आता'चा अर्थ तिला त्या वेळी कळला नव्हता. तिने मिरवत सांगितलं होतं, चांगली आहे बाई, जळगावला नोकरी लागली, तिसरी दिलीय. कुठल्या शाळेत, बाईंनी विचारलं होतं. मुख्याध्यापक कोण, हेही विचारलं होतं. तिने दोन्ही सांगितलं होतं, आणि बाई आपली एवढी विचारपूस करतात म्हणून तिचा ऊर भरून आला होता.

बाई आता धुळ्याच्या त्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. सकाळची शाळा सुटत आली होती. कार्यालयात शिरताच बाई खुर्चीतून उठल्या. "अगं कुंदे, तू? ये, ये. सुपडू, दोन चहा सांग." त्यांचा आनंद खरा होता. तो पाहून कुंदाला क्षणभर वाटलं की काहीतरी चूक झाली आहे, कार्ड दुसऱ्याच कुणी पाठवलं आहे, आणि आपण इथे आलोच आहोत तर पाया पडून परत जावं.

"बाई, माझं आरोग्यपत्रक जळगावला कुणी पाठवलं?"

"मी. मिळालं ना त्यांना? पोचच पाठवली नाही भंगाळ्यांनी."

शिपाई सुपडूने चहा आणून ठेवला. कुंदाने बशी उचलून मांडीवर घेतली, हातांना काही काम हवं म्हणून.

"त्यांनी मागितलं नव्हतं."

"मागायला कशाला हवं? तू लग्नात भेटलीस ना, तेव्हापासून जिवाला घोर लागला होता माझ्या. पन्नास-साठ पोरं समोर आणि तू एकटी. पडलीस तर? कुणाला ठाऊकच नसेल तर वेळेला करतील काय? मी होते तेव्हा मी होते. तिथे कोण आहे तुझं?"

बाईंचे डोळे भरून आले होते. कुंदा ते पाहत राहिली. पुढे त्याच एप्रिलच्या शेवटी संस्थेने तिला एका ओळीचं पत्र दिलं, 'आपली सेवा पुढे चालू ठेवता येत नाही', कारणाशिवाय. त्यानंतर ती यावलजवळच्या गावी आईवडिलांकडे परतली आणि दोन वर्षं घरीच शिकवण्या घेत होती. पण त्या पत्राने तिला रडू आलं नाही. पत्राच्या मागे कुणी नव्हतं, नुसती संस्था होती. आज इथे समोर माणूस होतं, आणि त्याच्या डोळ्यांत तिच्यासाठी पाणी होतं.

"अकरा वर्षांत एकदाही आली नाही, बाई."

"देवाची कृपा. पण हा आजार फसवा असतो."

"कार्डावर ते कुठे नाही, थांबली म्हणून."

"तुझ्या वडिलांनी डॉक्टरांचा दाखला आणून दिला असता तर लिहिलं असतं मी."

"मी सांगितलं होतं तुम्हाला. दहावीत गेल्यावर. दोन वर्षं झाली म्हणून पेढे घेऊन आले होते."

बाईंनी आठवून पाहिलं. "आणले होतेस. पण तोंडी सांगण्यावर शेरा कसा बदलायचा? शाळेचा कागद आहे तो."

"अंथरुणाचंही मी तोंडीच सांगितलं होतं."

बाहेर घंटा झाली. पोरांचा लोंढा जिन्यावरून उतरू लागला. तो थांबल्यावर बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. "ते मी डॉक्टरांसाठी लिहिलं होतं. शाळातपासणीचे डॉक्टर यायचे. तुझ्याच भल्यासाठी."

"आणखी कुणाला सांगितलंत?"

"दाखवलं नाही कुणाला. चौकशीला लोक येतात, कुंदा. मुलगी कशी, घरचे कसे. शाळेतच विचारतात सगळे. ते सावद्याचे आले होते, आणि मग दोंडाईच्याला नोकरीला असलेला तो मुलगा, त्याचे काका. समोर बसून विचारल्यावर मी खोटं कसं बोलू? उद्या त्यांनीच मला जाब विचारला असता."

सावद्याचे. त्यांनी पत्रिका जुळत नाही असा निरोप पाठवला होता. दोंडाईच्याच्या मुलाकडून निरोपही आला नव्हता. आई, धुरपदाबाई, तेव्हा महिनाभर तिच्या चेहऱ्याला डाळीचं पीठ आणि साय चोळत होती. "तुहा रंग आडवा येते, माय," म्हणायची, आणि चोळता चोळता स्वतःच्या काळ्या हातांकडे बघायची, जसं काही तो रंग तिनेच चोरून मुलीला लावला होता. वडील त्यानंतर स्थळं बघायला जायचे थांबले. वर्षभर त्या घरात तिघंही एकमेकांचा रंग टाळून वावरत होते. आणि कारण इथे होतं, या हिरव्या कपाटात, पुठ्ठ्याच्या कार्डावर, एका माणसाच्या सुरेख अक्षरात.

मांडीवर बारीक आवाज होऊ लागला होता. कप बशीवर वाजत होता. तिने बशी घट्ट धरली तर चहा हिंदकळून साडीवर सांडला. बाईंची नजर तिच्या हातांवर गेली, आणि त्या वयाला न शोभेल इतक्या चपळाईने टेबलाला वळसा घालून आल्या. त्यांनी कप बाजूला केला, एका हाताने तिचं मनगट धरलं आणि दुसरा हात तिच्या मानेमागे घातला. "सुपडू, टेबल सरकव. खिडकी उघड. घाबरू नकोस, मी आहे."

"सोडा, बाई. मला काही झालेलं नाही."

"हो, हो. बोलू नकोस. टेक माझ्यावर."

त्या हाताला अजून तोच वास होता, खडूचा आणि चंदनी साबणाचा. कुंदाच्या मानेला तो हात आठवत होता. तिच्या मनाला विचारल्याशिवाय मान सैल झाली, डोकं जरासं मागे गेलं, आणि ज्या माणसाने तिला उघडं केलं होतं त्याच्याच खांद्यावर टेकलं. ते टेकणं तिला अंगाला चटका बसल्यासारखं कळलं. हात ओढून घ्यावा तर तो झटका दिसेल. ओरडावं तर ते ओरडणं दिसेल. रडावं तर रडणं. तिच्याजवळ असं एकही हलणं उरलं नव्हतं जे बाईंना दुसऱ्या कशासारखं दिसलं असतं. म्हणून ती हलली नाही. दारात सुपडू ताटकळत होता. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि श्वास मोजत राहिली, बाईंची बोटं सैल होईपर्यंत.

"गेली," बाई सुस्कारा टाकून म्हणाल्या. "बघ, आत्ताच येत होती. मी जवळ होते म्हणून टळली."

त्यांनी कमरेची किल्ली काढली, कपाट उघडलं, गठ्ठ्यातून तिचं कार्ड न शोधता काढलं. पुठ्ठा पिवळा पडला होता. त्या खुर्चीत बसल्या, चष्मा लावला, पेनचं टोपण काढलं. शेऱ्याचा रकाना केव्हाच भरला होता, म्हणून त्यांनी कार्ड उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला सुरुवात केली. समोरून, उलट्या बाजूने, कुंदाला अक्षर लागत होतं. 'दि. ८-२-९२. कार्यालयात बसली असता हात कापू लागले.'

"बाई," ती म्हणाली. आवाज तिने अगदी सपाट ठेवला, वर्गात शुद्धलेखन घालताना ठेवायची तसा. "मला फिट आली नव्हती. मला तुमचा राग आला होता. माझा तुमच्यावर विश्वास होता, म्हणून आला."

पेन थांबलं. बाईंनी वर पाहिलं, आणि त्या डोळ्यांत माया होती, काळजी होती, थकवा होता. ऐकल्याची खूण मात्र कुठे नव्हती. मग त्यांनी मान खाली घातली आणि 'फ' नसलेल्या त्या ओळीत लांब शेपटी ओढायला काही मिळालं नाही म्हणून की काय, अक्षर जरा लहान काढत पुढे लिहिलं, 'नंतर काही वेळ असंबद्ध बोलली', आणि खाली सही केली.